फतेहसागरच्या पाळीवर

समुद्रकाठच्या गावाचा आणि नदीकाठच्या गावाचा स्वभाव आपल्याला चांगला परिचयाचा असतो. समुद्र कोणाचाच होऊन राहत नाही, आणि नदीला सदैव पुढच्या गावाची ओढ असते. तलावाकाठच्या गावाची गोष्ट निराळी आहे. तेथले पाणी थांबलेले असते, आणि आपल्या देशात बहुतेक ठिकाणी ते कोणीतरी मुद्दाम, कष्टाने थांबविलेले असते. अशा गावी जाणाऱ्या प्रवाशानेही क्षणभर थांबावे, बसावे, पाण्याकडे पाहावे, एवढी माफक अपेक्षा ते गाव बाळगून असते. परंतु ती पुरी करण्याइतकी सवड आपल्यापैकी किती जणांजवळ असते?

आपण मराठी माणसे प्रवासाला निघतो ती यादी घेऊन. सकाळी सहाला स्नाने उरकून बाहेर पडायचे, दुपारपर्यंत चार स्थळे, जेवण झाले की आणखी तीन, आणि रात्री मुक्कामी परतल्यावर कोणते राजवाडे कोणाचे याची उजळणी करीत झोपी जायचे. घरी आल्यावर शेजारीण विचारते, ‘अमुक पाहिले का?’ तेव्हा ‘नाही’ म्हणावे लागू नये हीच सारी धडपड. गेल्या कार्तिकात आम्ही सहकुटुंब उदयपुरास गेलो तेव्हा आमच्याही जवळ अशी एक यादी होती. ती बाजूला पडली याचे श्रेय माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना द्यावे लागेल.

इंदूरहून रात्रीच्या गाडीने रतलाम, मंदसौर, नीमच, चित्तौड अशी स्थानके मागे टाकीत पहाटे उदयपुरास पोचता येते. पहिला दिवस आम्ही सिटी पॅलेसला दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई त्या अरुंद, अंधाऱ्या जिन्यांवरून नेटाने चढल्या, उतरल्या आणि रात्री तेलाची बाटली घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हौसेखातर नाथद्वाऱ्यास श्रीनाथजींच्या दर्शनाला जाणे ठरलेलेच होते. तेव्हा मधल्या दिवशी एकही पायरी चढायची नाही, एकही किल्ला पाहायचा नाही, दिवसभर नुसते पाण्याकाठी हिंडायचे-बसायचे, असा ठराव ह्यांनी मांडला आणि मुलांनी टाळ्या वाजवून तो मंजूर केला. त्या दिवसाविषयीच येथे लिहावयाचे आहे.

सकाळी साताच्या सुमारास आम्ही फतेहसागरवर गेलो. तलावाच्या पूर्वेस बांधाची लांबलचक पाळ आहे आणि तिच्यावरून रस्ता जातो. एका हाताला पाणी, पलीकडे अरवलीच्या डोंगरांच्या निळसर, एकामागे एक उभ्या असलेल्या रांगा. पाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या नागरिकांची वर्दळ होती. कोणी व्यायाम करीत होते, कोणी कबुतरांना दाणे टाकीत होते; एक वयस्क जोडपे काही न बोलता पाण्याकडे तोंड करून बसले होते. इंदूरच्या माणसाचे पोह्यांवाचून अडते. ते येथेही मिळाले, आणि सासूबाईंनी डब्यातून आणलेली शेव वरून भुरभुरल्यावर ते आपले वाटू लागले.

ह्यांची नोकरी पाटबंधाऱ्याच्या खात्यातली असल्यामुळे धरण म्हटले की ह्यांना बोलते करावे लागत नाही. हा तलाव प्रथम सतराव्या शतकाच्या अखेरीस महाराणा जयसिंहांनी बांधविला. पुढे पुराने बांध वाहून गेला. आज दिसतो तो बांध महाराणा फतेहसिंहांनी उभारला. १८८९ साली व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, याच्या हस्ते त्याची कोनशिला बसविली गेली, म्हणून त्या बांधाचे नाव कॅनॉट बांध. तलाव मात्र ‘फतेहसागर’ झाला. पाण्याचा हा विस्तार सुमारे २.४ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद आहे. गावातला जुना तलाव पिछोला. तो तर उदयपूर वसण्याच्याही आधीचा, महाराणा लाखा यांच्या काळात एका बंजाऱ्याने बांधलेला. म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य वाहून नेणाऱ्या माणसाने आधी पाणी अडविले आणि त्या पाण्यापाशी पुढे सोळाव्या शतकात महाराणा उदयसिंहांनी राजधानी वसविली.

मुलांना इतिहासापेक्षा पक्षी अधिक आवडले. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा पट्टा असलेले पक्षी थव्याने पोहत होते. लेकीने त्यांचे मराठी नाव विचारले. ‘वारकरी’ असे मी सांगताच सासूबाईंचा चेहरा उजळला. कपाळी गंध लावून हे दरवर्षी हिवाळ्यात दुरून येतात, म्हणजे वारीच की, असे म्हणून त्यांनी पोह्यांतले चार दाणे त्या दिशेने टाकले. पंख पसरून खडकावर उन्हात वाळत बसलेला पाणकावळा मात्र चिरंजीवांना अधिक ऐटबाज वाटला.

पुढे आम्ही नावेत बसलो. तलावात एका बेटावर नेहरू पार्क आहे. ते १९६७ साली खुले झाले. त्याला वळसा घालताना दुसऱ्या एका लहान बेटावर पांढरी घुमटाची इमारत दिसली. मुलांना ते देऊळ वाटले. ती सूर्याची वेधशाळा आहे. १९७५ साली ती स्थापन झाली आणि १९८१ पासून अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेकडे आहे. सूर्य पाहायला पाण्यात कशाला जायचे, हा चिरंजीवांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर असे, की उन्हाने जमीन तापली म्हणजे वर उठणाऱ्या हवेत दुर्बिणीतील प्रतिमा थरथरू लागते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरची झाडे हलताना दिसतात ना, तशी. भोवती पाणी असले की हवा तितकी तापत नाही आणि सूर्यबिंब स्थिर दिसते. महाराण्यांनी आपल्या प्रजेसाठी अडविलेले पाणी आज सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांच्याही उपयोगी पडते आहे, हे पाहून मोठे कौतुक वाटले.

नावाडी पन्नाशीचा होता. या शतकाच्या आरंभी लागोपाठ काही वर्षे पाऊस रुसला आणि उदयपूरचे तलाव आटले, तेव्हाची आठवण त्याने काढली. पिछोल्यात भेगा पडलेली जमीन उघडी पडली होती, मुले तेथे क्रिकेट खेळत आणि एरवी नावेवाचून जेथे जाता येत नाही त्या जगनिवासापर्यंत लोक चालत जात. ‘उस साल हम नाव बेचने निकले थे,’ तो म्हणाला. लगेच हसून त्याने पुढची गोष्ट सांगितली, की फतेहसागर काठोकाठ भरून त्याचे दरवाजे उघडतात त्या दिवशी सारे शहर पाळीवर लोटते आणि लोक एकमेकांना मिठाई वाटतात. पाणी आल्याचा असा सण घरोघरी नळ असलेल्या आपल्या शहरांत आता कोठे राहिला आहे!

आता या तलावांत दूरचे पाणीही बोगद्यातून आणून सोडतात. त्या योजनेचे नाव नावाड्याने सांगितले ते ‘देवास’. सासूबाई चमकल्या. ‘आपल्या देवासहून? इतक्या लांबून?’ हे उदयपूरजवळचे देवास वेगळे, टेकडीवरच्या चामुंडेचे आपले देवास वेगळे, असा खुलासा करावा लागला. परंतु त्यांचे मन काही पूर्णपणे मानले नाही.

दुपारचे जेवण आम्ही सहेलियों की बाडी येथे घ्यायचे ठरविले होते, पण आत डबे उघडता येत नाहीत. म्हणून बाहेर एका झाडाच्या सावलीत सतरंजी पसरली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचे लोणचे आणि वाटेत घेतलेले पेरू. उन्हात बसून दशमी खाण्यात जी चव आहे ती पंचतारांकित उपाहारगृहातल्या पन्नास पदार्थांना नाही, हे मी आजवर अनेकदा ऐकले होते. त्या दिवशी ते पटले.

ही बाग अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराणा संग्रामसिंह दुसरे यांनी राजघराण्यातील स्त्रियांसाठी बनविली. पांढऱ्या संगमरवराच्या छत्र्या, हत्तींच्या सोंडांतून उडणारे पाणी, कमळांचे कुंड. वाटाड्या टाळी वाजवितो आणि कारंजे उडू लागते. आमच्या चिरंजीवांनीही टाळ्या वाजवून पाहिल्या. कारंजे ढिम्म हलेना. तेव्हा झुडपाआड बसलेला माळी हसत बाहेर आला आणि त्याने आपल्या हातातली किल्ली दाखविली. पण खरी गंमत त्या किल्लीत नाही. ही बाग फतेहसागरच्या बांधाच्या खाली, सखल भागात आहे. तलावाचे पाणी नळांतून उतरते आणि केवळ उंचीच्या फरकाने येथे उसळते; मूळ रचनेत यंत्राचे काम नाही. सकाळी आम्ही ज्या पाळीवर पोहे खाल्ले तिच्यामागे साठलेल्या पाण्याचाच जोर दुपारी आमच्यासमोर नाचत होता. ह्यांनी वहीच्या पानावर रेघा ओढून मुलांना ते समजावून दिले. लेकीने वहीत त्याचे चित्र काढून घेतले. तिच्या प्रवासवर्णनाचा गृहपाठ त्यामुळे अर्धा झाला.

दोन घटका त्या बागेबाहेरच्या सावलीत आम्ही आडवे झालो. सासूबाईंना डुलकी लागली, हे वृत्तपत्र तोंडावर घेऊन पडले आणि मी मात्र विचारात गुंतले. आदल्या दिवशी राजवाड्यात वाटाड्याने सहज एक वाक्य टाकले होते: ‘फिर मराठे आए, और मेवाड़ की कमर टूट गई.’ आमच्याकडे पाहून त्याने ते म्हटले नव्हते. परंतु चिरंजीवांनी ते नेमके ऐकले. त्यांच्या पुस्तकातले मराठे नेहमी दुसऱ्यांच्या जुलमाविरुद्ध लढतात. शिवाय सासूबाईंचे माहेर ग्वाल्हेरचे. महादजी शिंद्यांची तसबीर त्यांच्या माहेरच्या ओसरीवर असे, आणि त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर उत्तरेस आले याचा त्या घराला अभिमान आहे. मुलाने रात्री आजीला विचारले होते, ‘आजी, आपण त्यांची कंबर का मोडली?’ आजीने ‘झोप आता’ म्हणून विषय मिटविला होता. तो मिटला नव्हता.

मेवाडाशी मराठ्यांचे नाते मोठे विलक्षण आहे. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा भोसल्यांचे कुळ मेवाडच्या सिसोदियांपासून आले असे मांडले गेले. इतिहासकारांत त्याविषयी मतभेद आहेत, पण मराठी मनाला चित्तौडचा जिव्हाळा वाटू लागला तो तेव्हापासून. पुढे १७३५ साली बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या. त्यांचा मार्ग उदयपूर, नाथद्वारा, जयपूर असा होता, आणि वाटेतील राजेरजवाड्यांप्रमाणे उदयपूरच्या महाराणा जगतसिंहांनीही त्यांचा सन्मान केला. मुलाबाळांचा विचार मागे ठेवून निघालेली एक मराठी आई भर उन्हाळ्यात या तलावाकाठी उतरली होती. जगनिवासाचा पांढरा महाल तेव्हा पाण्यात उभा नव्हता. तो याच जगतसिंहांनी नंतर बांधला.

आई आली ती पाहुणी म्हणून. दुसऱ्याच वर्षी, १७३६ मध्ये, मुलगा आला तो चौथाईची बोलणी करण्यासाठी. मेवाडने वार्षिक रक्कम देण्याचे मान्य केले. आणि १७६९ साली महादजी आले ते तोफा घेऊन. मेवाडच्या गादीवरून घरातच भांडण लागले होते. महाराणा अरिसिंहांविरुद्ध काही सरदारांनी रतनसिंह नावाचा दुसरा वारस उभा केला आणि महादजींचे साहाय्य मागितले. उज्जैनजवळ, आपल्या क्षिप्रेच्या काठी लढाई झाली. मेवाडची फौज हरली आणि महादजींनी उदयपुराला वेढा घातला.

शहराची तटबंदी अपुरी, खजिना रिकामा आणि पगार थकल्याने बिथरलेले सिंधी शिपाई अशी उदयपूरची अवस्था होती. अशा वेळी महाराण्यांनी दूर सारलेल्या अमरचंद बडवा या कारभाऱ्याला पुन्हा बोलावले. त्याने राजघराण्यातील सोने-रुपे मोडून शिपायांचे पगार चुकते केले, धान्याची तजवीज केली आणि शहर सुमारे सहा महिने झुंजविले. हा वृत्तांत कर्नल जेम्स टॉड याने दिला आहे. टॉड १८१८ नंतर मेवाडात इंग्रजांचा प्रतिनिधी होता आणि मराठ्यांविषयी त्याच्या मनात मुळीच ममता नव्हती, हे त्याला वाचताना ध्यानी ठेवले पाहिजे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सत्तर लाखांवर तह ठरला, सह्या झाल्या. मग शिंद्यांनी आणखी वीस लाख मागितले. अमरचंदाने तो करारनामा फाडून त्याचे तुकडे परत पाठविले आणि लढाई पुढे चालू ठेवली. अखेर साडेत्रेसष्ट लाखांवर तडजोड झाली. त्यांपैकी तेहतीस लाख रोकड, जडजवाहीर आणि सोन्याचांदीच्या भांड्यांच्या रूपाने दिले गेले, आणि उरलेल्या रकमेसाठी जावद, जीरण, नीमच, मोरवण हे परगणे गहाण पडले. गहाण सुटले नाही. ज्या नीमच स्थानकावर रात्री आमची गाडी थांबली होती ते नीमच आज राजस्थानात नसून मध्यप्रदेशात आहे, याचे मूळ असे त्या वेढ्यात आहे. पुढे ते ग्वाल्हेर संस्थानात राहिले आणि संस्थानाबरोबर आपल्याकडे आले.

हे सारे मला पुस्तकांतून ठाऊक होते. पण ते वाचणे वेगळे, आणि त्याच गावात दशम्या खाऊन सावलीत पडले असताना, कुतूहलाने विचारणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला ते सांगणे वेगळे.

उन्हे उतरल्यावर आम्ही पिछोल्याच्या काठी गणगौर घाटावर गेलो. तीन कमानींचा पांढरा दरवाजा, त्यातून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि समोर संध्याकाळच्या प्रकाशात तांबूस होत चाललेले पाणी. सासूबाई वरच्याच पायरीवर टेकल्या. पाण्यात दूरवर जगमंदिराचे बेट दिसत होते. बापाविरुद्ध बंड करून आलेल्या शाहजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, मेवाडने तेथे आसरा दिला होता. आणि १८५७ साली नीमचहून पळून आलेल्या इंग्रज बायकामुलांनाही तेथेच ठेवले होते. आश्रिताला पाण्याच्या मधोमध सुरक्षित ठेवण्याची ही रीत मला फार आवडली.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन बसले होते. डोक्यावर साधा साफा, हातात काठी. बोलता बोलता त्यांनी आम्ही कोठले ते विचारले. इंदूरचे, असे आम्ही सांगितले. ‘मराठी हो?’ त्यांनी आमची बोली ऐकून ओळखले होते. ते गावातल्याच शाळेत पूर्वी शिक्षक होते. घाटालगतच्या उंच हवेलीकडे काठी दाखवीत ते म्हणाले, ‘तब तो आप ठीक जगह बैठे हैं. यह अमरचंदजी का घर है.’

बागोर की हवेली म्हणून आज ओळखली जाणारी ती वास्तू अमरचंद बडव्याने बांधली, हे मी वाचले होते. पण आम्ही तिच्याच पायाशी बसलो आहोत हे ध्यानात आले नव्हते. चिरंजीवांनी संधी साधून विचारले, ‘महादजी यहाँ तक आए थे?’ मी मनातून चपापले. गृहस्थ मात्र मुळीच रागावले नाहीत. शहराबाहेरच्या माछला मगरा या डोंगराकडे बोट करून त्यांनी सांगितले, की अमरचंदजींनी तेथे एकलिंगगडावर मोठी तोफ चढविली होती, म्हणून वेढा आत सरकू शकला नाही. मग त्यांनी तहाची हकिकत सांगितली, लाखांचे आकडेही सांगितले. ते सांगत असता त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. आपल्या आजोबांच्या काळातला एखादा पूर सांगावा तसे ते सांगत होते. सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. सोन्याचांदीची भांडी दिली गेली हे ऐकून त्या पुटपुटल्या, ‘घरातली भांडीसुद्धा!’

मग गृहस्थांनी शेवट सांगितला, आणि टॉडनेही तो नोंदविला आहे. एवढे लाखो रुपये ज्याच्या हातांतून गेले तो अमरचंद वारला तेव्हा त्याच्या घरात अंत्यसंस्कारापुरते पैसे निघाले नाहीत. शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याला अग्नी दिला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. सासूबाईंनी त्या हवेलीच्या दिशेने हात जोडले. ग्वाल्हेरच्या ओसरीवरील तसबीर त्यांच्या मनात होती की नाही ते मी विचारले नाही. चिरंजीवांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक होता. ‘म्हणजे आपण वाईट होतो का, बाबा?’ हे थोडे थांबून म्हणाले, ‘अरे, पानिपतानंतर दहा-अकरा वर्षांत दिल्लीच्या बादशहाला परत गादीवर नेऊन बसविले ते महादजींनीच, आणि इथल्या लोकांना भांडी मोडायला लावली तीही त्यांनीच. पहिले तुला पुस्तकात आहे. दुसरे ह्या आजोबांनी सांगितले. दोन्ही लक्षात ठेव.’ गृहस्थांना मराठी समजले असावे. ते हसले आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘आज तो आप अमरचंदजी के मेहमान हो. भीतर पधारो, नाच देखकर जाओ.’

आत खरोखरच नृत्याचा कार्यक्रम होता. ही हवेली १९८६ पासून पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्राकडे आहे आणि रोज संध्याकाळी तिच्या चौकात राजस्थानी लोकनृत्ये होतात. डोक्यावर एकावर एक घडे रचून नाचणारी भवई, पायांना बांधलेल्या मंजिऱ्यांची तेराताली, आणि सूत्रधाराच्या बोटांवर उड्या मारणाऱ्या कठपुतळ्या. सासूबाईंसाठी एका भल्या माणसाने खुर्ची आणून दिली. या केंद्राच्या क्षेत्रात राजस्थान आणि गुजरातबरोबर महाराष्ट्र आणि गोवाही येतात. फतेहसागरच्या पलीकडे याच केंद्राने वसविलेल्या शिल्पग्रामात महाराष्ट्रातील आणि गोव्यातील ग्रामीण घरेही उभारलेली आहेत. ज्याने मराठ्यांना वेशीबाहेर रोखले त्याच्या घरातून आज मराठी मुलखातल्या कलावंतांना आमंत्रणे जातात. घडे सावरीत नाचणाऱ्या त्या प्रौढ स्त्रीला आमच्या चिरंजीवांनी दिलेली दाद सर्वांत मोठी होती.

वाचकांपैकी अनेक जण उदयपुरास जाऊन आले असतील; जे जाणार असतील त्यांनी दिवाळीनंतर जावे. तलाव भरलेले असतात, हवा सुखद असते आणि दूरचे पक्षी आलेले असतात. वृद्ध माणसे बरोबर असतील तर एक दिवस निश्चितपणे मोकळा ठेवावा: सकाळी फतेहसागरची पाळ, दुपारी सहेलियों की बाडी, संध्याकाळी गणगौर घाट. या सबंध दिवसात चढण अशी नाहीच. हवेलीतील कार्यक्रमाची तिकिटे थोडी आधी जाऊन घ्यावीत. आणि शेजारी बसलेल्या माणसाशी चार शब्द बोलावे. आम्ही मराठी माणसे माळव्यात, बडोद्यात, हैदराबादेत पिढ्यान् पिढ्या राहिलो. ज्यांच्या गावी राहिलो त्यांनी आपल्याविषयी काय आठवणीत ठेवले आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची संधी यादी घेऊन धावणाऱ्याला मिळत नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०२५ च्या जानेवारीत रामसर करारान्वये ‘पाणथळ नगरी’ म्हणून भारतातील पहिल्या दोन शहरांना मान्यता मिळाली. ती दोन शहरे म्हणजे उदयपूर आणि आपले इंदूर. आपल्याकडे सिरपूरचा तलाव आहे, यशवंतसागर आहे. त्यांच्या काठी आपण वर्षातून किती वेळा जातो, हा प्रश्न मी स्वतःला आणि इंदूरच्या वाचकांना विचारते.

आणि आणखी एक नाते आहे, ते ह्यांनी त्या रात्री मुक्कामी नकाशा पसरून मुलांना दाखविले. फतेहसागर भरून सांडला की त्याचे पाणी आयड नदीत जाते, तेथून उदयसागरात. पुढे बेडच, बेडचेतून बनास, आणि बनास जाऊन मिळते चंबळेला. आपल्या इंदुरातून वाहणारी कान्ह क्षिप्रेला मिळते, आणि क्षिप्राही चंबळेलाच जाते. मुलाने बोट फिरवीत दोन्ही वाटा दोनदा तपासल्या. मग सासूबाईंनी चष्मा मागितला आणि त्यांनीही त्या तपासून पाहिल्या.